‘काही नाही ना मला?’ : शंकेच्या आजाराबद्दल वाचकांचे प्रश्न

गेल्या दोन महिन्यांत इंदूरहून आलेल्या पत्रांपैकी बरीचशी एकाच जातकुळीची निघाली. कुणाला हृदयाची शंका, कुणाला हातांची, कुणाला गॅसच्या बटणाची, तर कुणाला स्वतःच्याच मनाची. म्हणून या वेळचं सदर त्यांनाच दिलं आहे. पत्रं आटोपशीर केली आहेत, नावं काढली आहेत. नकोशी शंका पुन्हा-पुन्हा येणं आणि ती शमवायला तीच कृती करत राहणं, या आजाराला ओसीडी म्हणतात. त्याला मराठीत ‘मंत्रचळ’ असा नेमका शब्द आहे, पण घरोघरी तो टोमणा म्हणूनच वापरला जातो. त्यामुळे उत्तरांत आम्ही ओसीडी हाच शब्द ठेवला आहे.

प्रश्न : वय ३७, राहणार सुदामा नगर. दीड वर्षापूर्वी ऑफिसातला माझ्याच वयाचा सहकारी हार्ट अटॅकने गेला. तेव्हापासून माझ्या छातीत डावीकडे टोचतं. पाच ईसीजी, एक इको, एक टीएमटी (पट्ट्यावर चालवून केलेली हृदयाची तपासणी), दोनदा लिपिड प्रोफाइल झालं. सगळं नॉर्मल. तीन डॉक्टर झाले, शेवटच्यांनी ‘टेंशन मत लो’ म्हणून पाठवलं. हातात स्मार्ट वॉच आहे, घरी बीपीचं मशीन आणि ऑक्सिमीटर. रात्री दोन-दोन तास मोबाइलवर वाचत बसतो. टीएमटीत सुटलेलं काही असू शकतं का? तुम्ही नुसतं ‘काळजीचं कारण नाही’ एवढं लिहिलंत तरी पुरे.

उत्तर : तेवढं एक वाक्य सोडून बाकी सगळं लिहितो. ते वाक्य तीन डॉक्टरांनी आणि पाच ईसीजींनी तुम्हाला सांगून झालं आहे. दर वेळी बरं वाटलं, पण किती वेळ? पहिल्या ईसीजीनंतर कदाचित महिनाभर वाटलं असेल, पाचव्यानंतर दवाखान्याच्या पायऱ्या उतरेपर्यंत. आम्ही लिहिलं तर अंक हातात असेपर्यंत वाटेल. मग मनात येईल, यांनी आपला रिपोर्ट कुठे पाहिलाय?

तुमच्या लिहिण्यावरून हा प्रकार आरोग्यचिंतेचा दिसतो. आजार शरीरात आहे की नाही हा एक प्रश्न, आणि ‘शंभर टक्के खात्री झाल्याशिवाय चैन पडत नाही’ हा दुसरा. पहिल्याचं उत्तर तपासण्यांनी देऊन झालं. दुसऱ्याचं उत्तर कुठल्याच तपासणीत नसतं, कारण शंभर टक्के खात्री देणारी तपासणी कुठल्याच प्रयोगशाळेत होत नाही. मानसिक आजारांच्या अमेरिकेतल्या २०१३ च्या वर्गीकरणात याचं ‘हायपोकॉन्ड्रिॲसिस’ हे जुनं नाव काढून दोन नवी नावं आली. जागतिक आरोग्य संघटनेच्या अकराव्या वर्गीकरणात मात्र हा आजार थेट ओसीडीच्या कुटुंबात बसवला आहे. उपचाराच्या दृष्टीने हेच सोयीचं, कारण यंत्रणा तीच : शंका, घालमेल, तपासणी, क्षणभर सुटका, पुन्हा शंका. सुटका जितकी झटपट मिळते, तितकी पुढची शंका लवकर येते.

आता तपासण्याने शरीरात काय होतं ते पाहा. बीपी एकापाठोपाठ सहा वेळा मोजलं तर सहा आकडे येतात, आणि त्यातला सर्वांत मोठा लक्षात राहतो. घाबरून मोजलेलं बीपी वाढलेलंच येणार, ते पाहून आणखी घाबरायला होणार, सातवा आकडा आणखी वर. बोटं गार असतील किंवा नखांवर मेंदी असेल तर ऑक्सिमीटर कमी दाखवू शकतो. घाबरून श्वास भराभर घेतला की रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो आणि बोटांना, ओठांभोवती मुंग्या येतात, डोकं हलकं होतं. नेमकी हीच लक्षणं मग रात्री मोबाइलवर शोधली जातात. गळ्याची गाठ दिवसातून वीसदा चाचपणाऱ्याची गाठ दुखरी होते. घशात काही अडकलंय का हे गिळून-गिळून पाहणाऱ्याचा घसा आवळतो.

काय करायचं? पहिला आठवडा काहीही बंद करू नका, फक्त मोजा. खिशात कागदाची पट्टी ठेवा. नाडी धरली, घड्याळात ठोके पाहिले, छाती दाबून पाहिली, मोबाइलवर शोधलं, बायकोला ‘माझा चेहरा कसा दिसतोय’ विचारलं, प्रत्येकाची एक रेघ. हे शेवटचं लोक मोजत नाहीत, पण तीही तपासणीच. संध्याकाळी रेघा मोजायच्या. बहुतेकांचा स्वतःचा अंदाज आणि रेघा यांत मोठं अंतर निघतं.

दुसऱ्या आठवड्यात यंत्रं घराबाहेर. कपाटात नाही, माळ्यावरही नाही. रात्री दोनला स्टूल लावून माळ्यावर चढता येतं. भावाकडे, मेव्हण्याकडे, कुठेही, पण दुसऱ्या घरात. (डॉक्टरांनी रक्तदाबासाठी किंवा मधुमेहासाठी रोज मोजायला सांगितलं असेल त्यांनी हे करू नये. त्यांनी सांगितल्या वेळी, सांगितल्याइतकंच मोजावं : पाच मिनिटं शांत बसून, एक-दोन मिनिटांच्या अंतराने दोनदा, आणि वही बंद.) स्मार्ट वॉचच्या जागी साधं काट्यांचं घड्याळ.

यंत्र नसलं तरी बोटं मनगटाकडे जातातच. तिथे टाळण्याऐवजी लांबवणं जमतं. इच्छा झाली की १५ मिनिटं थांबायचं, हातातलं काम चालू ठेवायचं, भीतीला पळवायला जायचं नाही. पुढच्या आठवड्यात अर्धा तास, मग एक तास. तासाभराने बऱ्याचदा नाडी पाहायची होती हेच आठवत नाही. आठवलीच तर पुन्हा एक तास.

मोबाइलवर लक्षणं शोधणं मात्र हळूहळू नाही, एकदम बंद. याला पायऱ्या लागू पडत नाहीत, कारण एक पान उघडलं की वीस उघडतात.

डॉक्टर एकच ठेवा, शक्यतो घराजवळचे फिजिशियन. त्यांना हे पान दाखवा आणि सुरुवातीला दर ४ ते ६ आठवड्यांनी ठरलेल्या तारखेला भेटा, दुखलं तरी आणि न दुखलं तरी. दुखलं म्हणून भेट मिळाली की दुखणं हेच भेटीचं तिकीट होऊन बसतं. तारीख ठरलेली असली की मधल्या शंका कागदावर लिहून ठेवता येतात. भेटीच्या दिवशी त्यांतल्या निम्म्या आपल्यालाच वाचवत नाहीत.

‘पण खरंच काही झालं तर?’ हा प्रश्न तुम्ही इथवर तीनदा तरी विचारला असेल. त्यासाठी एक नियम, आणि तो आजच, डोकं शांत असताना कागदावर लिहायचा. नवं, किरकोळ लक्षण आलं तर तारीख टाकून दोन आठवडे थांबायचं. थांबायचं नाही ते असं : छातीवर वजन ठेवल्यासारखा दाब जो काही मिनिटांत जात नाही, हाताकडे किंवा जबड्याकडे सरकतो, सोबत घाम किंवा दम; तोंड एका बाजूला वाकडं होणं, एक हात-पाय लुळा पडणं, बोलणं अडखळणं; शुद्ध हरपणं; रक्ताची उलटी किंवा डांबरासारखी काळी शी. तेव्हा १०८, आणि कुणाचीही परवानगी नको. ही यादी फ्रिजवर लावू नका, पाकिटात ठेवा. रोज वाचली तर तीही नवी तपासणी होईल.

आणि शेवटचं, जे सर्वांत जड जातं. वहीत स्वतःच्या अक्षरात पाच-सहा ओळी लिहायच्या : ‘मला हार्ट अटॅक येऊ शकतो. माझ्या तपासण्या चांगल्या आल्या तरी येऊ शकतो. येईल की नाही हे आज मला कळणार नाही, उद्याही कळणार नाही.’ रोज ठरलेल्या वेळी २० मिनिटं हेच मोठ्याने वाचायचं, शेवटी ‘पण काही होणार नाही’ हे शेपूट न जोडता. पहिले दोन दिवस पोटात गोळा येतो. दहाव्या दिवशी बहुतेकांना कंटाळा येऊ लागतो. औषध आहे ते त्या कंटाळ्यात. डॉक्टरांनी व्यायामाला हरकत घेतलेली नसेल तर जिने चढा, ठोके वाढू द्या, न मोजता.

बायकोला सांगायचं वाक्य : ‘मी विचारलं तर तू एवढंच म्हण, हा प्रश्न आजाराचा आहे, मी त्याचं उत्तर देत नाही.’ हे तिने परस्पर ठरवायचं नाही, तुम्ही तिला सांगायचं.

प्रश्न : रामबागेतून एक सून लिहितेय. माझ्या सासूबाई ५८ वर्षांच्या. सोवळं-ओवळं आमच्याकडे पहिल्यापासून आहे, पण चार वर्षांपासून हाताबाहेर गेलंय. आंघोळीला दीड तास. बाईने घासलेली भांडी पुन्हा धुवायची. दुधाची पिशवी साबणाने धुऊन फ्रिजमध्ये. नर्मदेचं पाणी एक दिवसाआड येतं, आमची टाकी त्याच दिवशी रात्री रिकामी, मग बोरिंग. बाहेरून आलेल्या प्रत्येकाने दारातच कपडे बदलायचे. सासरे दिवसातून पन्नासदा ‘हो, धुतलं, स्वच्छ आहे’ म्हणतात. त्यांचं म्हणणं, शहर स्वच्छतेत पहिलं येतं, मग घर नको का? हे सोवळं की आजार? आम्ही काय करायचं?

उत्तर : आधी सासरेबुवांचा मुद्दा निकालात काढू. इंदूर २०१७ पासून देशात पहिलं येत आलं ते कचरा रोज उचलला गेला म्हणून, आणि गाडी गेली की लोक दार लावून कामाला लागतात म्हणून. तुमच्या घरातली गाडी जातच नाही.

सोवळ्याला शेवट असतो. नेसलं, पूजा झाली, नैवेद्य दाखवला, सोडलं. प्रवासात, आजारपणात, बाळंतिणीच्या खोलीत त्याला सवलत असते, आणि ती देणारी बहुधा घरातली सगळ्यांत सोवळी आजीच असते. करणाऱ्याला त्यातून समाधान मिळतं. ओसीडीत शेवट ठरलेला नसतो, ‘आता बरोबर वाटलं’ हा शेवट असतो, आणि ते वाटत नाही. सवलत नसते. करणाराच पिचून जातो. सासूबाईंना एकटीत विचारा, ‘आई, यातलं किती तुम्हाला करावंसं वाटतं आणि किती सुटत नाही?’ उत्तर बहुधा पाण्याने भरलेल्या डोळ्यांनी येतं. दिवसाचा तासाहून अधिक वेळ जात असेल, किंवा घर-काम अडत असेल, तर तो आजार मानून दाखवावं, हा डॉक्टरांचा साधा निकष आहे. तुमच्याकडे तो कधीच ओलांडला गेला आहे.

उपचाराचं नाव ‘सामोरं जाणं आणि प्रतिसाद रोखणं’, दवाखान्यात याला ईआरपी म्हणतात. १९६६ साली व्हिक्टर मायर या मानसशास्त्रज्ञाने लंडनमध्ये ही पद्धत प्रथम मांडली. ज्याची किळस किंवा भीती वाटते त्याला मुद्दाम, ठरवून हात लावायचा आणि नंतरचं धुणं करायचं नाही. दोन भाग आहेत. लोक पहिलाच करतात.

सासूबाईंबरोबर बसून, त्यांच्याच तोंडून, शंभरपैकी गुण देत एक शिडी लिहायची. साधारण अशी : दाराची कडी धरणं २५, दुधाची पिशवी न धुता फ्रिजमध्ये ठेवणं ३५, बाईने घासलेलं पातेलं तसंच वापरणं ५०, सराफ्यातून आल्यावर साडी न बदलता खाटेवर टेकणं ६०, सकाळी कचरागाडीत ओल्या कचऱ्याचा डबा स्वतः रिकामा करून एकदाच हात धुऊन पोळ्या लाटणं ७०, संडासाची कडी धरून तोच हात उशीला लावणं ८५. गुण त्यांचे, तुमचे नाहीत. तुम्हाला ७० वाटेल ते त्यांना ३० असू शकतं.

सुरुवात ३०-४० च्या पायरीपासून. आठवड्यातून पाच-सहा दिवस, रोज पाऊण तास ते तास. दुधाची पिशवी घेतली, दोन्ही हातांनी धरली, तेच हात पदराला, गुडघ्यांना, उशीला पुसले, आणि बसून राहायचं. नामस्मरण नको, टीव्ही नको, ‘देवा सांभाळ’ नको. घालमेल चढते, टिकते, मग आपोआप ओसरते. कधी त्या दिवशी ओसरत नाही, तरीही चालतं. शिकायचं एवढंच, की घालमेल असतानाही हात न धुता बसता येतं. एका पायरीवर सलग तीन-चार दिवस फारसं काही वाटलं नाही की पुढची.

आंघोळीला शॉवर आणि नळ बंद. दोन बादल्या भरून आत ठेवायच्या, एक तांब्या. पाणी संपलं की आंघोळ संपली. दीड तासावरून आधी सव्वा तास, चार-पाच दिवसांनी एक तास, असं उतरत पंधरा-वीस मिनिटांवर यायचं. साबणाची वडी आठवड्याला एकच हातात द्यायची. मोजून धुण्याची सवय असेल (सात वेळा हा हात, सात वेळा तो), तर ‘मोजणी चुकली तरी पुन्हा पहिल्यापासून नाही’ हा नियम सगळ्यांत आधी. खरा वेळ या पुन्हा-पुन्हा सुरू करण्यात जातो. जेवणाआधी आणि संडासानंतर साबणाने २० सेकंद, एवढं धुणं कायम राहणार आहे. ते कुणी काढून घेत नाही.

फसतं कुठे? बहुतेक वेळा चोरून धुण्यात. व्यायाम नीट होतो, अर्ध्या तासाने ‘कुकर लावते’ म्हणत मोरीत जाऊन हात. किंवा साबणाऐवजी सॅनिटायझर, सॅनिटायझरऐवजी ओल्या फडक्याने पुसणं. किंवा मनातल्या मनात ‘रात्री आंघोळीत सगळं निघेल’ असं म्हणून ठेवणं. त्यामुळे हात आज न धुतल्याचा काहीच उपयोग होत नाही. दुसरी चूक घरच्यांची : उत्साहात पहिल्याच दिवशी ८५ ची पायरी करायला लावणं, किंवा त्यांना न सांगता पिशवी न धुता ठेवणं आणि मग सांगणं, ‘बघा, काही झालं?’ असं एकदा झालं की पुढचे सहा महिने फ्रिजच धुतला जातो.

तिसरी जागा सासरे. पन्नास वेळा ‘हो, धुतलं’ म्हणणं प्रेमापोटीच असतं, पण सरबराई ती आजाराची होते. ते एकदम तोडू नका. सगळ्यांनी एकत्र बसा, सासूबाईंना आधी सांगा की पुढल्या सोमवारपासून बाबा एका प्रश्नाला एकदाच उत्तर देतील, दुसऱ्यांदा ‘हे मी आत्ताच सांगितलं’ म्हणतील आणि खोलीतच बसून राहतील. उठून जाऊ नये, आवाज चढवू नये. दोन आठवड्यांनी एकदाचंही उत्तर बंद. मग दारातले कपडे, मग भांडी. एका वेळी एकच गोष्ट. पहिला आठवडा रडारड, अबोला, ‘माझं कुणाला काही पडलेलं नाही’ हे सगळं होणार. त्यात एकाने जरी माघार घेतली तर आजार शिकतो, की जोर लावला की हे देतात. सासूबाई उपचाराला तयारच नसतील तरी एवढा भाग घरच्यांना त्यांच्या बाजूने करता येतो.

हातांकडे पाहा. फार धुण्याने त्वचेचं तेल जातं, भेगा पडतात, भेगांत साबण झोंबतो, आणि ‘जंतू शिरले’ म्हणून आणखी धुतलं जातं. साधं व्हॅसलीन किंवा खोबरेल दिवसातून तीन-चारदा लावा. ते चिकट लागतं आणि त्यांना आवडणार नाही. तीही शिडीची एक पायरीच धरा. आणि मोरीतल्या बाटल्या आजच तपासा (हे मात्र तपासाच) : टॉयलेटचं ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर एकत्र झाली की क्लोरीन वायू निघतो. बंद न्हाणीघरात तो जिवावर बेततो. दोन्हींपैकी एकच घरात ठेवा.

प्रश्न : वय २३, भंवरकुआँला क्लासला येते, मावशीकडे राहते. कांदा चिरताना मावशीचं दीड वर्षाचं बाळ जवळ आलं की मनात येतं, आपण याला सुरी मारली तर? खजराना गणपतीसमोर उभी राहिले की देवाबद्दल घाणेरडे शब्द मनात येतात. मी आता सुरीला हात लावत नाही, बाळाला घेत नाही. विचार आला की १०८ वेळा जप करते, त्यात चुकलं तर पुन्हा. मी वेडी होतेय का? पोलिसांना सांगावं का?

उत्तर : नाही, आणि नाही. असे नकोसे विचार ओसीडी नसलेल्या बहुसंख्य माणसांच्याही मनात येऊन जातात. १९७८ मध्ये रॅकमन आणि डी सिल्वा यांनी हे विचारून, नोंदवून दाखवलं. फरक विचारात नसतो. ओसीडी नसलेल्या माणसाला पुलावरून खाली पाहताना ‘उडी मारली तर’ असं वाटतं आणि तो पुढे चालू लागतो. तुम्ही थांबता, आणि आपल्याला असं वाटलंच कसं याची चौकशी सुरू करता. ओसीडी नेमकी जिथे जीव आहे तिथे डंख मारते : बाळावर माया असलेल्याला बाळाचा विचार, देवभोळ्याला देवाचा. विचाराने अंगाचा थरकाप होतो, त्यापासून पळावंसं वाटतं, हीच त्याची ओळख. (ज्याला तसं करावंसं वाटतं, ठरवावंसं वाटतं किंवा कुणाचे आवाज ऐकू येतात, त्याने त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञाला गाठावं. तुमच्या पत्रात तसं काही नाही.)

औषध पिताना माकड आठवायचं नाही ही अट घातली की पेल्यात माकडच दिसतं, ही गोष्ट तुम्ही लहानपणी ऐकली असेल. विचार दाबण्याचं तेच होतं. तुमचा जप ही भक्ती राहिलेली नाही, ते मनातल्या मनात हात धुणं आहे. मोजायचं, चुकलं की पुन्हा, ही खूण. जप हवा असेल तर सकाळी ठरल्या वेळी, न मोजता करा. विचार आल्यावर करायचा नाही.

सुरीची शिडी अशी : आधी ओट्यावर सुरी ठेवून स्वयंपाकघरात बसणं. मग मावशी बाळाला घेऊन दाराशी असताना भाजी चिरणं. मग मावशी आणि बाळ तिथेच जमिनीवर बसलेले असताना. विचार आला तर, ‘हो, असं होऊ शकतं म्हणे,’ एवढं म्हणून कांदा चिरत राहायचं. ‘मी असं कधीच करणार नाही’ हे स्वतःला पटवायचं नाही, तो वाद कधी संपत नाही. मावशीला सांगा, पण एकदाच. रोज रात्री ‘आज माझ्या मनात हे आलं’ असं कबूल करत बसणं हीही हात धुण्यासारखीच क्रिया आहे, आणि ती फार लवकर सवयीची होते. हा प्रकार एकटीने निस्तरणं अवघड असतं, ईआरपी जाणणाऱ्या मानसशास्त्रज्ञाची सोबत घ्या.

प्रश्न : मुलगा २६ वर्षांचा. डॉक्टरांनी ओसीडीसाठी फ्लुओक्सेटिन २० मिलिग्रॅम दिलं. तीन आठवडे झाले, फरक शून्य, उलट मळमळ आणि झोप उडाली. शेजारी म्हणतात या गोळ्यांची सवय लागते. बंद करू का? – लोकमान्य नगर

उत्तर : करू नका. ओसीडीत या गोळ्यांचा हिशोब नैराश्याहून वेगळा आहे : डोस मोठा लागतो आणि वाट जास्त पाहावी लागते. फ्लुओक्सेटिन बऱ्याचदा ४० ते ८० मिलिग्रॅमपर्यंत, सर्ट्रालिन २०० पर्यंत, फ्लुव्होक्सामिन ३०० पर्यंत न्यावं लागतं, पायरीपायरीने आणि डॉक्टरांनीच. गोळी लागू पडते की नाही हे पुरेशा डोसवर ८ ते १२ आठवडे गेल्यावर ठरतं. तीन आठवडे आणि २० मिलिग्रॅम म्हणजे कुकरची पहिली शिट्टीही झालेली नाही.

मळमळ बहुधा आठवड्या-दोन आठवड्यांत कमी होते. गोळी जेवणानंतर द्या. झोप उडत असेल तर ती सकाळी द्या, आणि तरी त्रास राहिला तर डॉक्टरांना फोन करा. लैंगिक इच्छा कमी होणं हा दुष्परिणाम नेहमीचा आहे. मुलगा वडिलांना सांगणार नाही, म्हणून डॉक्टरांनाच त्याला एकट्याला विचारायला सांगा. अनेक जण कारण न सांगता गोळी बंद करतात ते यामुळे. तरुण मुलांत सुरुवातीच्या आठवड्यांत किंवा डोस वाढवताना अस्वस्थता फार वाढली, जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार बोलू लागला, तर त्याच दिवशी कळवा. डोकेदुखीसाठी परस्पर ॲस्पिरिन किंवा आयबुप्रोफेन रोज नको, या गोळ्यांसोबत रक्तस्रावाचा धोका वाढतो.

सवय लागते ती अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम यांची. मेडिकलवाल्याकडून ‘झोपेची’ म्हणून येतात त्या या. फ्लुओक्सेटिनच्या गटाची तशी नशा किंवा तलफ नसते, मात्र एकदम तोडल्या तर चक्कर, चिडचिड होऊ शकते. बरं वाटल्यावर किमान एक ते दोन वर्षं चालू ठेवून मग महिने घेत उतरवतात. बरं वाटलं की दिवाळीत बंद आणि होळीपर्यंत पुन्हा आजार, हे चक्र डॉक्टरांच्या नेहमीच्या ओळखीचं आहे.

प्रश्न : घरातून निघताना गॅस सात-आठदा पाहते. आता मोबाइलवर बटणाचा फोटो काढते, म्हणजे ऑफिसात पाहता येतो. युक्ती बरी आहे ना?

उत्तर : महिनाभर बरी. मग फोटो आजचाच की कालचा ही शंका येते, मग व्हिडिओ लागतो. नेदरलँड्समध्ये २००३ साली निरोगी माणसांना संगणकावरचा गॅस पुन्हा-पुन्हा तपासायला लावून पाहिलं. पुष्कळदा तपासलेल्यांची आठवण चुकत नव्हती, पण ती धूसर झाली आणि तिच्यावरचा त्यांचा विश्वास उडाला. म्हणजे विसरभोळेपणामुळे तपासणं वाढत नाही, तपासण्यामुळे आठवणीवरचा विश्वास उडतो. रेग्युलेटर रात्री एकदा बंद करायचा, सकाळी बटण एकदा फिरवून दार लावायचं, फोटो पुसायचे. ऑफिसात पोहोचेपर्यंत पोटात ढवळेल, त्याला ढवळू द्या. नवऱ्याला फोन करून ‘जरा बघ’ नको.

प्रश्न : इंदुरात दाखवायचं कुठे? आणि विम्यात बसतं का?

उत्तर : महाराजा यशवंतराव रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात किंवा बाणगंगेच्या शासकीय मानसिक रुग्णालयात ओपीडीला जाता येतं. बाणगंगा म्हटलं की लोक नाकं मुरडतात. पण औषधं, डॉक्टर यांच्यासाठी खासगीत महिन्याला हजारो घालवणं झेपत नसेल तर मुरडू नयेत. खासगी मानसशास्त्रज्ञ निवडताना भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी असलेला क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आहे का ते विचारा, आणि पहिल्याच फोनवर दोन प्रश्न : ‘तुम्ही ईआरपी करता का?’ आणि ‘घरी करायला काय देता?’ दुसऱ्या प्रश्नाला उत्तर नसेल, नुसत्या गप्पा, रिलॅक्सेशन आणि ‘पॉझिटिव्ह विचार करा’ असेल, तर पुढचं दार. साधारण १२ ते २० बैठका धरून चाला. जाताना चार दिवसांच्या रेघांची पट्टी आणि शिडीचा कागद घेऊन गेलात तर पहिली बैठक वाया जात नाही.

२०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने विमा कंपन्यांना मानसिक आजार शारीरिक आजारांच्या बरोबरीने धरणं बंधनकारक आहे. प्रत्यक्षात पॉलिसी बहुधा भरती झाल्याचे पैसे देतात, ओपीडीचे आणि बैठकांचे क्वचित. आपल्या पॉलिसीतला ओपीडीचा रकाना वाचून घ्या.

फोनवर बोलायचं असेल तर टेली-मानस, क्रमांक १४४१६, चोवीस तास, फुकट, मराठीतूनही. जिवाला धोका वाटतो, कुणाशी बोलावं कळत नाही, जवळचा दवाखाना हवा, अशा वेळी जरूर लावा. मात्र रोज रात्री अकराला तोच नंबर फिरवून ‘छातीत टोचतंय, काही नाही ना?’ विचारत असाल, तर पट्टीवर त्याचीही रेघ ओढा.